कोण आहे घरात?

मोठ्या साहेबांना एक आकडा हवा होता. कंपनीत विंडोज १० वर चालणारे कॉम्प्युटर किती उरलेत, बस. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १०ची मुदत संपली, त्यानंतर सुरक्षेचे नेहमीचे अपडेट बंद, आणि ऑडिटवाल्यांनी नेमकं तेच विचारलं. साहेबांनी प्रश्न माझ्याकडे सरकवला. "शुक्रवारपर्यंत द्या, घाई नाही," असं सोमवारी सकाळी म्हणाले आणि दुपारी तीनला फोन करून "झालं का?" विचारलं.

मी ठाण्यात पाचपाखाडीला राहतो. कंपनीचं मुख्य ऑफिस वागळे इस्टेटला, शाखा रबाळे आणि महाप्याला, गोडाऊन तुर्भ्याला. माझं कागदोपत्री पद सिस्टम ॲडमिनिस्ट्रेटर. व्यवहारात 'अहो, जरा बघा ना'. त्या आठवड्यात वागळेतल्या माझ्या खोलीला रंग लागत होता म्हणून घरूनच काम चाललं होतं. दिवाळी होऊन दहाएक दिवस झाले होते, करंज्या संपल्या होत्या, चिवडा मात्र डब्याच्या तळाशी अजून चिकाटीने टिकून होता. लॅपटॉप आईने दिलेल्या लाकडी पाटावर, शेजारी वाटी. या लॅपटॉपचं नाव मी 'मासुंदा' ठेवलंय. नेटवर्कमध्ये प्रत्येक यंत्राला नाव लागतं, आणि बाकी सगळी नावं 'डब्ल्यूई-०४', 'आरबी-०२' अशी कैद्यांच्या बिल्ल्यासारखी. निदान आपलं तरी तलावाच्या नावाने असावं.

ॲडमिनच्या एक्सेल रजिस्टरात ६३ यंत्रं होती. त्यात मासुंदा नव्हताच, तो मी ६४वा म्हणून खाली जोडला. शिक्षक हजेरी घेताना स्वतःचं नाव विसरतात, तसं झालं असेल म्हटलं.

आता ६३ ठिकाणी जाऊन बघायचं नसतं. विंडोजच्या पोटात डब्ल्यूएमआय नावाचा एक कारकून बसलेला असतो, विंडोज २००० पासून तो तिथेच नोकरीला आहे. त्याला यंत्राबद्दल काहीही विचारा, डिस्कमध्ये जागा किती, मेमरी किती, शेवटचं रीस्टार्ट कधी केलं, तो सांगतो. दुरूनही सांगतो. प्रश्न विचारायचा तो असा : सिलेक्ट स्टार फ्रॉम विन३२ अंडरस्कोअर ऑपरेटिंगसिस्टिम. मराठीत, 'बाबा रे, तू कोण?'

चार मिनिटांत ५२ यंत्रांनी आपापली ओळख सांगितली. त्यातही गंमत होती. विंडोज ११वालेही आपला आवृत्ती क्रमांक १०.० असाच सांगतात. खरं काय ते पुढच्या बिल्ड नंबरवरून ओळखायचं, २२००० किंवा वर असेल तर अकरा. लग्नाला वीस वर्षं झाली तरी रेशनकार्डावर माहेरचंच नाव असतं ना, त्यातलाच प्रकार. पण ते मला माहीत होतं. ते गणित सुटलं.

उरली ११. त्यांतल्या बहुतेकांसमोर लाल अक्षरात एकच वाक्य : 'आरपीसी सर्व्हर इज अनअव्हेलेबल'. शेजारी आकडा, शून्य-एक्स-८००७०६ आणि शेवटी बीए. निदान पदवीधर आहे, म्हणून आमच्यात या चुकीला नुसतं 'बीए' म्हणतात.

बीएचा अर्थ काय? यंत्र बंद असेल तर बीए. चालू असून फायरवॉलने दार लावलं असेल तर बीए. मधला राउटर अडवत असेल तर बीए. तुम्ही भलत्याच घरी आला असाल तरी बीए. 'आपण संपर्क साधू इच्छिता ती व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे' असं सांगणारी बाई आठवा. माणूस बोगद्यात असो, आंघोळीला असो की तुमचं नाव बघून त्याने फोन बंद केलेला असो, तिचा सूर बदलत नाही.

त्यातली चार यंत्रं खरोखरच बंद होती. फोन केला, चालू करायला सांगितली, उत्तरं आली. याबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही नाही, फक्त एका ठिकाणी "चालूच आहे की, लाईट दिसतोय" असं मला दहा मिनिटं ठामपणे सांगण्यात आलं, आणि तो लाईट मॉनिटरचा निघाला.

मग महाप्याच्या मॅडम. त्यांच्या यंत्राने चूकही वेगळी दिली : इनव्हॅलिड क्लास. म्हणजे कारकून जागेवर आहे, पण 'ऑपरेटिंग सिस्टिम' असा काही विषय आपल्याकडे असतो हेच तो विसरलाय. अशा वेळी एक नियम पाळायचा. आधी त्या यंत्रालाच स्वतःशी बोलायला लावायचं. त्याचं त्याला उत्तर देता येत असेल तर दोष रस्त्याचा, त्यालाही येत नसेल तर दोष डोक्याचा. हा दोष डोक्याचा होता. डब्ल्यूएमआयची सगळी स्मृती रिपॉझिटरी नावाच्या एका फोल्डरमध्ये असते आणि ती बिघडू शकते, मधेच वीज गेली तरीही. 'तो फोल्डरच उडवून टाका, नवीन तयार होतो' असा सल्ला देणारे शूर लोक प्रत्येक ऑफिसात असतात. तयार होतो, खरं आहे. पण त्यात नोंदी करून बसलेली बाकीची सॉफ्टवेअरं दुसऱ्या दिवशी रडायला लागतात. माळ्यावरची आजीची ट्रंक जागा अडवते म्हणून फेकायची आणि मग घराचे कागद शोधत बसायचं. त्यापेक्षा आधी तपासायची कमांड द्यावी, मग वाचवता येईल तेवढं वाचवणारी. दोन्ही कमांड मॅडमना फोनवरून सांगायच्या होत्या, कारण नेमकं त्याच दिवशी त्या यंत्राचा स्क्रीन दुरून बघायचं सॉफ्टवेअर रुसलं होतं.

"मॅडम, काळी खिडकी उघडली? आता टाइप करा. विन एम जी एम टी."

"विन म्हणजे?"

"डब्ल्यू आय एन. मग एम जी एम टी, सगळं जोडून. आता स्पेस."

"किती?"

"एक. मग स्लॅश."

"कुठला? दोन आहेत."

"प्रश्नचिन्हाच्या बटणावरचा."

"तो प्रश्नचिन्हच देतोय."

"शिफ्ट सोडा, मॅडम."

व्हेरिफायरिपॉझिटरी हा शब्द एका दमात टाइप करायला त्यांना सात मिनिटं लागली. उत्तर आलं, 'इनकन्सिस्टंट'. मॅडमनी ते माझ्यावर केलेल्या शेऱ्यासारखं वाचलं. आता दुसरी कमांड, सॅल्व्हेजरिपॉझिटरी.

"एस फॉर सातारा, ए फॉर अकोला, एल फॉर लातूर, व्ही फॉर वसई, ए फॉर अकोला, जी फॉर गोंदिया, ई फॉर ऐरोली."

एंटर. चूक. पुन्हा सगळं. पुन्हा चूक. तिसऱ्यांदा मी म्हटलं, 'तुम्ही जे टाइप केलंय ते वाचून दाखवा', तेव्हा उलगडा झाला.

"अहो, ऐरोली ए-नेच ना? ए-आय-आर. स्टेशनवर लिहिलंय, रोज बघते मी."

त्या रोज ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलने येऊन घणसोलीला उतरतात. मी तीस वर्षं ठाण्यात राहून ऐरोली ई-ने काढली. 'ई फॉर एरंडोल' असं सांगितल्यावर कमांड चालली, कारकुनाची स्मृती परतली आणि मॅडमचं यंत्र विंडोज ११ निघालं. "ते तर मी आधीच सांगितलं असतं," मॅडम म्हणाल्या. मीही विचारलं नव्हतं.

दहापैकी पाच झाली असं म्हणून मी वाटी पुन्हा भरून आणली, मग लक्षात आलं की अकरापैकी पाच झालीत.

रबाळ्याच्या दोन यंत्रांची गोष्ट मात्र सविस्तर सांगायलाच हवी, कारण ती समजायला मला स्वतःला नोकरीची पहिली चार वर्षं लागली होती. तिथे नवा राउटर बसला होता. बसवणाऱ्या मुलाला मी फोन केला.

"साहेब, तुम्ही सांगितलेला १३५ नंबरचा पोर्ट उघडलाय. मी स्वतः बघितलं."

खरंच उघडला होता. पण १३५ ही फक्त चौकशीची खिडकी आहे. कुठल्याही सरकारी कचेरीत जा. दारातच चौकशीची खिडकी असते, तिथले भाऊ अगदी तत्परतेने सांगतात, 'तुमचं काम ५१,२०८ नंबरच्या खिडकीवर.' तुम्ही तिकडे जाता, तर मधल्या जिन्याला कुलूप. डब्ल्यूएमआयची जुनी पद्धत हीच. बोलणी १३५ वर सुरू होतात, आणि मग समोरचं यंत्र ४९१५२ ते ६५५३५ यांतला कुठलाही एक पोर्ट त्या वेळेपुरता नेमून देतं. एकूण १६,३८४ खिडक्या. आज ही, उद्या ती. फायरवॉलवाल्याने चौकशी उघडी ठेवून बाकी सगळं बंद केलं, की तुम्हाला शिस्तीत माहिती मिळते आणि काम होत नाही.

"मग १६,३८४ पोर्ट उघडू का?" त्या मुलाने विचारलं. विनोद नव्हता, तो खरंच उघडायला निघाला होता.

यावर शासनाने जो उपाय काढला तोच कॉम्प्युटरवाल्यांनीही काढला : एक खिडकी योजना. तिचं नाव विनआरएम, खिडकी क्रमांक ५९८५. सगळी बोलणी एकाच दारातून. फक्त साध्या विंडोजवर ही योजना आपोआप सुरू नसते, आधी प्रत्येक यंत्रावर ती लागू करावी लागते, म्हणजे पुन्हा फोन आलेच. त्या मुलाने माझ्या सांगण्यावरून दोन्ही यंत्रांवर योजना लागू केली, राउटरमध्ये एक दार उघडलं, मी प्रश्न नव्या पद्धतीने विचारला, आणि उत्तर इतक्या लगेच आलं की मला क्षणभर संशय आला.

आठव्या यंत्राने बीए दिलंच नाही. त्याने सरळ 'ॲक्सेस डिनाइड' म्हटलं. मला अशी यंत्रं आवडतात. निदान दार उघडून नाही म्हणतात. हे वागळेतल्या अकाउंटवाल्या काकांचं. काकांनी आपलं यंत्र कंपनीच्या डोमेनमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक व्यवस्थेत, घालू दिलेलं नाही, त्यांना कोणाच्या अध्यात-मध्यात यायचं नसतं. त्या यंत्रावर मी माझं ॲडमिनचं खातं करून ठेवलंय. पासवर्ड बरोबर, अधिकार पूर्ण, समोर बसलो तर काहीही करू शकतो. पण नेटवर्कवरून गेलं की विंडोज अशा स्थानिक ॲडमिनचे अधिकार काढून घेतं आणि साधा माणूस म्हणून आत घेतं. ही चूक नाही, मुद्दाम केलेली तजवीज आहे. आमच्या सोसायटीतही असंच आहे. मी कमिटीवर आहे, मीटिंगमध्ये माझा शब्द चालतो, पण बाहेरून फोन करून वॉचमनला म्हटलं, "अरे, मी तिसऱ्या मजल्यावरचा, कुरियरवाल्याला वर सोड," की तो म्हणतो, "कोण तिसरा मजला?" रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीत, एक नोंद बदलून वॉचमनला समजावता येतं, पण मग तो त्याच भाषेत बोलणाऱ्या चोरालाही वर सोडतो. मी काकांना फोन केला.

"काका, तुमच्या कॉम्प्युटरवर विंडोज कुठलं आहे?"

"तुम्हाला कशाला?"

पंधरा मिनिटांनी दहा असं ठरलं.

तुर्भ्याच्या गोडाऊनची तीन यंत्रं राहिली. त्यातल्या दोघांचं दुखणं मीच लावलेलं होतं. दिवाळीआधी मी मोठ्या कौतुकाने त्यांत एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, बसवल्या. आता सकाळी मेन स्विच पाडला की यंत्र पंधरा सेकंदांत जागं होतं आणि राउटरला ठाण्याशी सूत जुळवायला तीन मिनिटं लागतात. जागं झालेलं यंत्र इकडेतिकडे बघतं, मुख्य ऑफिसचा सर्व्हर दिसत नाही, आणि ते ठरवतं की आपण परक्या ठिकाणी आलोय. विंडोजच्या भाषेत 'पब्लिक नेटवर्क'. मग संध्याकाळी सातला ठाणे स्टेशनच्या पुलावर माणूस पिशवी जशी छातीशी धरतो तसं ते फायरवॉल आवळून घेतं आणि बऱ्याचदा दिवसभर तसंच बसून राहतं. वायर काढून पुन्हा लावली की त्याला 'अरे, हे तर आपलंच' असं आठवतं. 'फायरवॉलच बंद करून टाका ना' हेही सांगणारे भेटतात. कडी अडकते म्हणून दार काढून ठेवणारे.

वायर काढून लावली, उत्तरं आली. पण रोज कोण काढणार? गोडाऊनच्या मामांना विचारलं, सकाळी आल्यावर आधी काय करता? म्हणाले, मेन स्विच, मग कॉम्प्युटर, मग देवाला उदबत्ती.

"मामा, स्विच पाडल्यावर आधी देवाचं करा. मग कॉम्प्युटर."

मामांची पूजा मोजून चार मिनिटांची आहे. तेव्हापासून दोन्ही यंत्रं आपल्या माणसांना ओळखतात. साहेबांना याचं तांत्रिक टिपण हवं होतं. मी 'स्टार्टअप क्रम सुधारला' असं लिहून दिलं.

आता फक्त टीबी-११.

या यंत्राने मला चार दिवस खेळवलं. बीए द्यायचं, पण पिंगला उत्तर द्यायचं. पिंग म्हणजे नुसती हाक. माइक म्यूस नावाच्या अमेरिकन माणसाने १९८३ साली हा प्रोग्रॅम लिहिला आणि पाणबुड्या हुडकणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्याला नाव दिलं. 'कोण आहे घरात?' 'आहे.' एवढंच. मी हाक मारायचो, 'आहे' यायचं, लगेच, गोड. मी म्हणायचो, तू कोण? बीए. त्याला वायरवाला उपाय लागू करावा म्हटलं तर मामा म्हणाले, वायर कुठल्या टेबलाची? एक खिडकी योजना लावावी तर आत शिरताच येईना. बुधवारी रात्री दोन वाजता मी त्याला एकोणिसाव्या प्रकारे तोच प्रश्न विचारत होतो, तेव्हा आई पाणी प्यायला उठली आणि म्हणाली, "अरे, सांगायचं नसेल त्याला. सोड ना." आणि कीबोर्डकडे बघून, "चिवडा तरी नीट खा."

गुरुवारी मी ट्रान्सहार्बर पकडली. दिघा गाव, ऐरोली (ए-नेच, बघून घेतलं), रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे. घाऊक बाजाराच्या बाजूने आलेल्या वाऱ्याला कांद्याचा वास होता. गोडाऊनमध्ये टेबल क्रमांक अकरावर खोक्यांची उतरंड होती.

"हा कॉम्प्युटर कुठे गेला, मामा?"

"तो तर लॉकडाऊनमध्येच नेला की."

"कोणी?"

"ऑफिसचंच कोणीतरी होतं. तोंडाला मास्क, नुसता चष्मा दिसत होता."

आमच्या कंपनीत चष्मेवाले चौदा आहेत. मी माझा पुसला.

पण मग रोज मला 'आहे' म्हणत होतं ते कोण? जे सोमवारीच करायला हवं होतं ते मी तिथे उभ्या उभ्या केलं : टीबी-११चा म्हणून जो पत्ता मिळत होता तो ब्राउझरमध्ये टाकला. एक सुंदर निळं पान उघडलं. 'काळी शाई १२ टक्के. ट्रे क्रमांक दोन रिकामा.' माझ्या पाठीमागे, दोन हातांवर, गोडाऊनचा प्रिंटर मंद घरघरत होता. चार दिवस मी त्याला विचारत होतो, तू कुठलं विंडोज? आणि तो बिचारा जेवढं समजत होतं तेवढ्याला अदबीने 'ओ' देत होता.

दोष डीएनएसचा म्हणायचा, म्हणजे पुन्हा माझाच. डीएनएस हा नावावरून पत्ता सांगणारा. जुन्या नोंदी ठरावीक काळाने झाडून टाकायची सोय त्यात असते, ती मी चालू केलेली नव्हती. त्यामुळे यंत्र जाऊन वर्षं लोटली, त्याचा पत्ता प्रिंटरला मिळाला, तरी डीएनएस आपला तोच पत्ता सांगतोय. गोखले रोडवरच्या जुन्या चाळीत तळमजल्याचे एक आजोबा होते. कोणाचंही नाव विचारा, "दुसरा मजला, डावीकडे," असं खणखणीत सांगायचे. ती माणसं बदलापूरला जाऊन बारा वर्षं झालेली असायची, पण आजोबांच्या आवाजात शंका म्हणून नसे.

शुक्रवारी सकाळी साहेबांना सांगितलं : एकूण ६४, त्यातले विंडोज १०वाले १९, एक बेपत्ता. "बेपत्ता म्हणजे? ऑडिटला काय सांगू, हरवलं?" साहेबांचा आवाज चढला. पोलिसांत तक्रार करावी लागेल का, इन्शुरन्स होता का, जबाबदार कोण, इथपर्यंत बोलणं गेलं. मी संध्याकाळपर्यंत शोधतो म्हणालो आणि चष्मेवाल्या चौदा जणांची यादी करायला घेतली. सात जणांना फोनही केले. एक जण दुखावला गेला, अजून बोलत नाही.

चारच्या सुमारास मी चहा ठेवायला उठलो. परत आलो तर आईने लॅपटॉप पाटावरून उचलून उलटा धरला होता आणि वर्तमानपत्रावर झटकत होती. पोहे पडले, एक शेंगदाणा पडला, कढीपत्त्याचं पान पडलं.

"अरे, याच्या पोटाला चिकटवलंय ते काय? टी बी अकरा. कसली सूचना आहे का? पाणी लागू देऊ नका वगैरे?"

मार्च २०२०. शेवटच्या दिवशी एका रिक्षात नऊ लॅपटॉप कोंबून मी ठाण्यात घरोघर पोचवत फिरलो होतो. एक उरला. त्याला नवं नाव दिलं, तलावाचं. मग आईने पाट दिला.

या प्रसंगासाठी मराठीत एक म्हण आहे. ती आता आई म्हणणार हे मला ठाऊक होतं. पण आईने फक्त वर्तमानपत्राची चारी टोकं धरून पुडी केली आणि म्हणाली, "यात मीठ कमी पडलं होतं यंदा." तेवढ्यात फोन वाजला.

"झालं का?"

"झालं साहेब. एकूण ६३. बेपत्ता कोणी नाही."

"सकाळी तर चौसष्ट म्हणालात."

"एकच दोनदा मोजलं होतं."

"आणि ते हरवलेलं? कुठे सापडलं?"

"चिवड्यात," असं तोंडून निघून गेलं, आणि रेंज जात असल्यासारखा आवाज काढत मी फोन ठेवला.